ठाण कसे मांडावे : चिनी युद्धकलेतील स्थिर पवित्र्याचा सराव

रावेर-यावलच्या पट्ट्यात उन्हाळ्याच्या अखेरीस वादळी वारा सुटतो, तेव्हा घडांनी लगडलेल्या केळीच्या बागा एका रात्रीत आडव्या होतात आणि त्याच बांधावरचा कडुनिंब दोन-चार फांद्या गमावून उभा राहतो. केळीचे खोड जाड दिसते, परंतु ते पानांच्या देठांचे एकावर एक गुंडाळलेले वेटोळे असते, मुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात आणि घडाचा सारा भार माथ्याजवळ लटकत असतो. म्हणूनच निसवलेल्या केळीला शेतकरी बांबूचा टेकू देतो. चिनी युद्धकला शिकायला येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याचा पवित्रा पाहताना मला बहुतेक वेळा ही निसवलेली केळ आठवते. मांड्या भरलेल्या असतात, चेहऱ्यावर निश्चय असतो, पण श्वास छातीत अडकलेला, खांदे कानांकडे चढलेले आणि भार वरच्या वर राहिलेला असतो. अशा विद्यार्थ्याच्या छातीवर दोन बोटांनी हळूच दाब दिला तरी त्याच्या टाचा सुटतात.

चिनी गुरू या गुणाला ‘गन’ म्हणतात, म्हणजे मूळ. हे मूळ पायांच्या जोरातून येते असा समज सर्वत्र आहे आणि मीही कित्येक वर्षे तो बाळगला होता. आज माझे मत वेगळे आहे. जमीन आपल्याला धरून ठेवत नाही आणि आपणही जमिनीला धरू शकत नाही. आपल्या हातात एवढेच असते की शरीराचे वजन डोक्यापासून तळव्यापर्यंत कुठेही न अडता खाली उतरू द्यावे. मान, खांदे, कंबर, जांघ, गुडघा आणि घोटा या वाटेवरच्या चौक्या आहेत. त्यांतली एक जरी आवळली तरी भार तिथेच थबकतो, आणि समोरच्याला ढकलण्यासाठी आयती जागा मिळते. पुढे जो क्रम सांगितला आहे तो या चौक्या एकेक करून मोकळ्या करण्याचा आहे. पायांची ताकद त्यातून वाढतेच, परंतु ती त्याच्या मागून येते.

सरावाच्या जागेबद्दल दोन शब्द आधी सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडची जमीन आणि आपल्याकडचे ऊन दोन्ही सरावात हस्तक्षेप करतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा टाकते. अशा रानात पाय मुरगळण्याची भीती असते, म्हणून चोपलेले अंगण, खळ्याची जागा किंवा घराची गच्ची निवडावी. जुन्या धाब्याच्या घरावर सराव करू नये, कारण पुष्कळदा कठडा नसतो आणि उभे राहताना लक्ष आत वळलेले असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे त्या दिवसांत सूर्योदयापूर्वीचीच वेळ योग्य ठरते. अनवाणी उभे राहावे. जमीन टोचत असेल तर पातळ, सपाट तळाचे कापडी बूट घालावेत. जाड उशीसारख्या तळाच्या बुटात तळव्याला जमिनीचा निरोप पोहोचत नाही, आणि या सरावात तोच निरोप वाचायचा असतो.

खुंटासारखे उभे राहणे

पहिली पायरी घोड्याच्या पवित्र्याची नाही. ती ‘झान-झ्वांग’ची आहे. ‘झान’ म्हणजे उभे राहणे आणि ‘झ्वांग’ म्हणजे जमिनीत ठोकलेला खुंट. खळ्याच्या मधोमध तिवडा रोवलेला असतो, त्याच्याभोवती बैल दिवसभर फिरतात आणि तो मात्र आपल्या जागी असतो. हा शब्द मी मुलांना त्याच तिवड्यावरून समजावतो. वांग श्यांग-झाय (1885–1963) या गुरूंनी तर यी-छ्वान या आपल्या पद्धतीत ठरावीक हालचालींच्या साखळ्या बाजूला सारून उभे राहणे हाच सरावाचा गाभा ठेवला. इतके टोकाला जाणे सर्वांना मानवणारे नाही, परंतु सुरुवातीचे तीन महिने तरी या सरावाला पर्याय नाही, असे मी ठामपणे सांगतो.

दोन्ही पाय खांद्यांच्या रुंदीइतके दूर आणि एकमेकांना समांतर ठेवावेत. ज्यांचे पाऊल मुळातच किंचित बाहेर वळते त्यांनी ते तसेच राहू द्यावे. आता गुडघे वाकवायचे नाहीत. आधी जांघेत घडी पाडायची आहे. दोन्ही हातांच्या कडा जांघेच्या रेषेवर ठेवाव्यात आणि मागे अर्ध्या हातावर खाट आहे, तिच्या काठावर टेकायला निघालो आहोत, अशा भावनेने बूड एक-दोन बोटे मागे व खाली न्यावे. हातांच्या कडा घडीत रुतल्या की समजावे की खुब्याचा सांधा उघडला. चिनी भाषेत या जागेला ‘ख्वा’ म्हणतात आणि साऱ्या पवित्र्याची किल्ली तिथे असते. या हालचालीने गुडघे आपोआप जेमतेम वाकतात, आणि सुरुवातीला तेवढेच पुरे असते. ज्यांचे गुडघे आधी पुढे जातात आणि जांघ ताठ राहते, त्यांचा सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो; पुढे होणाऱ्या बहुतेक दुखण्यांचा उगम याच पहिल्या चुकीत असतो.

नंतर कणा. माकडहाड जमिनीकडे सोडावे, म्हणजे कमरेतली पोकळी थोडी भरते. मात्र बूड आवळून ते जबरदस्तीने पुढे ढकलू नये, कारण तसे केल्याने आताच उघडलेली जांघ पुन्हा बंद होते. भिंतीला पाठ लावून ही गोष्ट लवकर कळते. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून पाठ टेकवावी, कमरेमागे हात घालून पोकळी पाहावी, मग जांघ सैल करत चार बोटे खाली घसरावे आणि पोकळी किती कमी झाली ते पुन्हा हाताने पाहावे. भिंतीने दाखवलेली ती जाणीव घेऊन मोकळ्या जागी यावे. डोक्याच्या शेंड्याला दोरा बांधून कोणी वर धरले आहे असे मानून मान लांब ठेवावी, हनुवटी किंचित आत घ्यावी, आणि खांदे वरून ओले धोतर टाकल्यासारखे खाली सोडावेत. हात छातीसमोर, मध्ये मोठा हंडा कवेत घेतल्यासारखे गोल असावेत. कोपर मनगटापेक्षा खाली असावेत.

श्वास नाकाने, सावकाश आणि पोटात. बेंबीखाली तीन बोटांवर ‘दान-त्येन’, म्हणजे शरीरातल्या शक्तीचे केंद्र, मानले जाते, आणि उभ्या माणसाच्या शरीराचा गुरुत्वमध्यही साधारण त्याच उंचीवर, ओटीपोटाच्या आत असतो. जुन्या गुरूंनी लक्ष तिथे ठेवायला का सांगितले असेल याचे उत्तर मला या जुळणीत दिसते. श्वास कोंडून धरू नये. स्थिर ताणात श्वास रोखला की रक्तदाब वाढतो, आणि ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच हा सराव सुरू करावा. गुडघे पूर्ण ताठ करून खूप वेळ निश्चल उभे राहिल्यास रक्त पायांत साचते आणि भोवळ येऊ शकते. तसे वाटू लागल्यास लगेच चालू लागावे किंवा खाली बसावे.

वेळेचे प्रमाण असे ठेवावे : पहिले दोन आठवडे दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये थोडे चालणे, त्यानंतर दर आठवड्याला एका फेरीत एक मिनिट वाढवावे, आणि तीन महिन्यांच्या आसपास सलग दहा-बारा मिनिटे उभे राहता यावे. हे फार सावकाश आहे असे तरुण मुलांना वाटते. परंतु स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, कंडरा आणि अस्थिबंध मात्र त्यांच्यापेक्षा पुष्कळ मागाहून बळकट होतात, आणि मधल्या काळात अंगात आलेला जोर त्या कच्च्या कंडरांवरच पडतो.

मी ज्या चाचणीवर सर्वाधिक विसंबतो ती अगदी साधी आहे. शेताच्या बांधावरची मऊ माती चाळून घमेलेभर आणावी, अंगणात बोटाच्या पेराएवढा थर पसरावा आणि त्यावर पाच मिनिटे उभे राहून अलगद मागे उतरावे. मातीत राहिलेला ठसा म्हणजे त्या पाच मिनिटांचा लेखी अहवाल असतो. टाच, अंगठ्यामागचा चवडा आणि करंगळीमागचा चवडा, या तीन ठिकाणी सारखी खोली असली पाहिजे, तिवईच्या तीन पायांसारखी. गेल्या वर्षी एका मुलाचा ठसा मी बराच वेळ पाहत बसलो होतो. त्याच्या पाचही बोटांच्या टोकांनी मातीत नखाएवढे खड्डे पाडले होते, बोटांमागे मातीची वळकटी उठली होती, आणि टाचेच्या जागी मात्र जेमतेम कातडीच्या रेषा उमटल्या होत्या. म्हणजे पाचही मिनिटे तो पुढे झुकून, पडू नये म्हणून बोटांनी जमीन पकडत होता, आणि त्याला स्वतःला आपण अगदी सरळ उभे आहोत असेच वाटत होते. दक्षिण चीनच्या काही परंपरा बोटांनी जमीन पकडायला मुद्दाम शिकवतात हे खरे, पण ती पकड टाच बसल्यानंतरची असते. त्या मुलाला मी फक्त भार अर्धे बोट मागे न्यायला सांगितले. दुसऱ्या ठशात खड्डे नव्हते, आणि खांदे कधी खाली आले ते त्यालाही कळले नाही.

तळव्याच्या मध्यापासून थोडे पुढे, बोटे आत दुमडल्यावर जिथे खळगी पडते, तिथे ‘युंग-छ्वान’ म्हणजे ‘उसळता झरा’ नावाचा बिंदू आहे. भार त्या झऱ्यातून आत उतरतो अशी कल्पना करायला सांगतात. कल्पना उपयोगी आहे, परंतु तिच्या नादात टाच हलकी होत असेल तर ती काही दिवस बाजूला ठेवावी.

घोड्याचा पवित्रा

‘मा’ म्हणजे घोडा, ‘बू’ म्हणजे पाऊल. मा-बू हा चिनी कुंग-फूचा सर्वांत ओळखीचा पवित्रा आहे. दत्तजयंतीच्या सुमारास शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार दूरदूरच्या व्यापाऱ्यांना खेचून आणतो. मा-बू शिकणाऱ्याने त्या बाजारात एक सकाळ काढावी असे मी मनापासून सुचवतो. खोगीर न घालता नाचरा घोडा फिरवून दाखवणारा एक पोरगेला स्वार मी तिथे पाहिला. घोड्याची पाठ खालीवर होत होती, स्वाराचे डोके मात्र पाण्यावर ठेवलेल्या तांब्यासारखे एका उंचीवर तरंगत होते. त्याने गुडघ्यांनी घोडा आवळला नव्हता. मांड्या खुब्यातून खाली लोंबकळत होत्या, बूड घोड्याच्या पाठीत रुतले होते आणि कंबर प्रत्येक हिसका गिळून टाकत होती. त्याच्याखालून घोडा काढून घेतला तर उरते ते मा-बू.

झान-झ्वांगमध्ये दहा मिनिटे स्वस्थ उभे राहता येऊ लागले की मा-बूकडे वळावे. अंतर मोजण्याची जुनी रीत स्वतःच्या पावलांनीच मोजण्याची आहे : दोन पावलांमध्ये सुमारे तीन पावले बसतील इतकी रुंदी. नवख्याने दोन पावलांपासून सुरुवात करावी. पंजे समोर, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेत, धड उभे. इथेही आधी जांघ, मग गुडघा. उतरताना गुडघे आतल्या बाजूला कोसळत असतील तर रुंदी जास्त झाली आहे किंवा खोली. कोणते ते ओळखण्यासाठी आधी चार बोटे वर यावे आणि गुडघे सरळ झाले नाहीत तरच पाय जवळ घ्यावेत. मांडी जमिनीला समांतर असावी ही पूर्ण रूपाची अट आहे, रोजच्या सरावाची नाही.

हे मी इतके आग्रहाने सांगतो त्याला माझ्या उजव्या गुडघ्याचा इतिहास कारण आहे. विसाव्या वर्षी मी ज्या वर्गात शिकत होतो तिथे पहिल्याच महिन्यात मांड्या समांतर हव्यात असा दंडक होता आणि मांड्यांवर पाण्याचे पेले ठेवून वेळ मोजली जाई. पेले सांडू नयेत म्हणून मी दात ओठ खाऊन उतरत असे. खुबा उघडलेला नव्हता, त्यामुळे पंजे समोर रोवलेले असताना गुडघे आत ओढले जात आणि सांध्याला रोज पीळ बसे. आतल्या बाजूची कळ मी दोन आठवडे ‘सराव’ समजून सोसली. त्यानंतर चार महिने मला मांडी घालून पंगतीत जेवायला बसता आले नाही. शिकवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, पण दुखण्याचे प्रकार ओळखायला त्यांनी आम्हाला कधी शिकवले नाही, म्हणून मी ते इथे स्पष्ट लिहितो. मांडीच्या मध्यभागी होणारी आग आणि पायांची थरथर हे सरावाचे स्वाभाविक फळ आहे आणि थांबल्यावर काही मिनिटांत ते शमते. गुडघ्याच्या वाटीखाली टोचणे, सांध्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला कळ येणे, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दुखणे, ही इजेची लक्षणे आहेत. ती दिसताच उंची वाढवावी, रुंदी कमी करावी, आणि तरीही दुखले तर सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

तालमीतून आलेल्या मुलांना एक निराळी अडचण येते. हजार बैठका मारलेल्या त्यांच्या मांड्यांना मा-बू जड जात नाही, पण कुस्तीचा पवित्रा पुढे झुकलेला आणि चवड्यावरचा असतो, कारण तिथे पट काढायचा, म्हणजे समोरच्याचा पाय धरून ओढायचा, किंवा आपला पाय वाचवायचा असतो. ते मा-बूमध्ये उभे राहतात तेव्हाही अंगात झडप तयार ठेवूनच. त्यांना ताकद वाढवायला सांगण्यात अर्थ नसतो. श्वास सोडताना पोटऱ्या सोडा, मग मांडीचा बाहेरचा भाग सोडा, मग बूड, एवढेच मी सांगत राहतो. चिनीमध्ये याला ‘सोंग’ म्हणतात. ढिलेपणाशी त्याचा संबंध नाही. ओझे उतरवून ठेवलेल्या, पण उभ्या असलेल्या बैलाचे अंग जसे असते, तसे ते मोकळेपण असते.

‘सोंग’ मला पहिल्यांदा कळले ते माझ्या आबांमुळे, आणि त्यांनी चीनचे नावही क्वचितच ऐकले असेल. मी अंगणात मा-बूमध्ये थरथरत उभा होतो. आबा ओसरीवर बसून बराच वेळ पाहत होते, आणि मग म्हणाले, “इतला जोर कसाले करी ऱ्हायना, भाऊ?” नांगरटीनंतर वखर खोल लागावा म्हणून ते आयुष्यभर वखरावर उभे राहत आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वखरावर उभे केले. बैल चालू लागले, ढेकळांवरून वखर उडू लागला आणि मी पाय ताठ केल्याबरोबर बाजूला फेकला गेलो. तिसऱ्या-चौथ्या वेळी कंटाळून मी गुडघे सैल सोडले, तेव्हा हिसके गुडघ्यात शिरून जांघेत विरू लागले आणि मी बांधापर्यंत उभा राहिलो. ज्यांच्याकडे बैल-वखर नाही त्यांनी सुरू झालेल्या एसटीत, आधार जवळ असताना, क्षणभर दांडा सोडून हाच अनुभव घ्यावा. वळणावर कोणता सांधा आवळतो ते तत्काळ कळते.

मा-बूचा वेळ झान-झ्वांगपेक्षा कमी ठेवावा. अर्ध्या मिनिटाच्या पाच फेऱ्यांपासून सुरुवात करून काही महिन्यांत दोन-तीन मिनिटांपर्यंत जावे. एकाच उंचीवर नेहमी उभे राहू नये, कारण स्थिर ताणाने येणारी ताकद ज्या कोनात सराव होतो त्याच्या आसपासच जास्त येते. आठवड्यातून दोन दिवस उंच, दोन दिवस मध्यम आणि एखाद्याच दिवशी खोल उतरावे.

दाबाने तपासणे

एकट्याने उभे राहताना आपण स्वतःला फसवू शकतो, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा जोडीदाराकडून तपासून घ्यावे. जोडीदाराने तळहात छातीच्या मधल्या हाडावर सपाट ठेवावा, पाच अंक मोजत दाब हळूहळू वाढवावा, दोन अंक तो तसाच धरावा आणि मग न सांगता हात काढून घ्यावा. धक्का देऊ नये. धक्क्याने काही कळत नाही, आणि कुणीतरी पडते. खरी परीक्षा हात काढल्यावर होते. उभा असलेला पुढे तोंडघशी आला, तर तो इतका वेळ जोडीदाराच्या हातावर रेलून उभा होता, स्वतःच्या पायांवर नव्हे. ज्याने तो दाब पाठीतून, जांघेतून टाचांपर्यंत उतरू दिला असेल, तो हात काढल्यावर जिथल्या तिथे राहतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. कोणताही पवित्रा सर्व दिशांनी मजबूत नसतो. दोन पावलांना जोडणारी रेषा मनात काढावी : त्या रेषेच्या दिशेने आलेला दाब पाय पेलतात, आणि तिला काटकोनात आलेल्या दाबाला मागे तिसरा पाय नसतो. मा-बूमध्ये बाजूने ढकललेला माणूस खांबासारखा वाटतो आणि समोरून ढकलला तर सहज हलतो. असे होते म्हणून निराश होऊन कोणी जास्त खोल उतरू नये; खोल उतरल्याने गुरुत्वमध्य खाली जातो, पण ती उणी बाजू काही भरत नाही. समोरच्या दाबासाठी पवित्राच बदलायचा असतो.

तो पवित्रा म्हणजे गोंग-बू, धनुष्याचा. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय जवळपास सरळ, मागचे पाऊल तिरके आत वळवलेले, आणि दोन्ही टाचांमध्ये आडवे अंतर निदान खांद्यांच्या निम्मे. हे आडवे अंतर नव्वद टक्के नवखे विसरतात, असे म्हणण्याइतका मला त्याचा अनुभव आहे. पाय एका रेषेत येतात, जणू दोरीवर चालले आहेत, आणि बाजूने फुंकर मारली तरी ते डोलतात. भार पुढच्या पायावर थोडा जास्त असतो, परंतु समोरून आलेला दाब जिरतो तो मागच्या टाचेत. म्हणून मागची टाच तपासावी. लग्नसराईत घरोघरी पत्रिका साठतात. त्यांतली एक घेऊन, जोडीदार छातीवर दाब देत असताना, मागच्या टाचेखाली सरकवून पाहावी. पत्रिका आत गेली तर टाच नुसती जमिनीला शिवून आहे. अशा वेळी टाच दाबण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्याने पोटरी आवळते. मागच्या बाजूची जांघ सैल करावी आणि कंबर केसभर मागे बसू द्यावी. पत्रिका आपोआप अडते.

शू-बू, म्हणजे रिकामा पवित्रा, यात जवळजवळ सगळा भार मागच्या पायावर असतो आणि पुढचा पाय नुसता टेकलेला असतो. पू-बूमध्ये एक पाय पूर्ण बसून दुसरा जमिनीलगत पसरतो, आणि शिए-बूमध्ये पाय एकमेकांवर आडवे घेऊन बसतात. उत्तरेकडच्या शैलींत हे पाच मूळ पवित्रे एकत्र शिकवले जातात. शेवटच्या दोघांना घोट्याची आणि जांघेची लवचिकता लागते; ज्यांना उकिडवे बसण्याची सवय आहे अशा आपल्या ग्रामीण मुलांना ते पटकन येतात आणि खुर्चीवर वाढलेल्यांना वेळ लागतो, एवढे सांगून मी पुढे जातो.

मूळ घेऊन चालणे

जागच्या जागी मिळालेले स्थैर्य पहिल्याच पावलाला हरवते हा सर्वांचा अनुभव आहे. हेनान प्रांतातल्या शाओलिन विहाराची स्थापना इसवी सन 495 ची. तिथल्या सहस्रबुद्ध दालनाच्या फरशीत 48 खळगे आहेत आणि भिक्षूंनी पिढ्यान्‌पिढ्या सरावात पाय आपटल्याने ते पडले असे सांगितले जाते. मला त्या खळग्यांत महत्त्वाचे वाटते ते हे की ते रांगांनी आहेत. म्हणजे ज्यांचे पाय तिथे पडत होते, ते ठरलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा पाय ठेवून सराव करत होते.

ताय-ची-छ्वानचे गुरू यांग छेंग-फू (1883–1936) यांनी भरलेला पाय आणि रिकामा पाय यांतला भेद ओळखण्यावर फार भर दिला. तो ओळखता आला नाही तर पाऊल जड पडते आणि दुसरा कोणीही ओढून नेतो, असे ते शिकवत. याचा सराव असा करावा. झान-झ्वांगमधून सारा भार सावकाश उजव्या पायावर न्यावा, इतका की डावा पाय तळव्याखालून कागद काढून घेता यावा एवढा हलका होईल. मग डावे पाऊल आडवे अंतर राखून पुढे ठेवावे, आधी टाच, अजून भार न देता. या क्षणी थांबावे आणि स्वतःला विचारावे की हे पाऊल मी परत घेऊ शकतो का. घेता येत असेल तर ते पाऊल ठेवले गेले. घेता येत नसेल तर आपण पुढे पडलो आणि पायाने आपल्याला झेलले. रात्री पाण्याच्या पाळीला निघालेला शेतकरी बॅटरी विझल्यावर बांधावरून असाच चालतो : पायाखाली काय आहे ते आधी पाहतो, मग अंग सोपवतो.

टाच, मग तळव्याची बाहेरची कड, मग चवडे, अशा क्रमाने पाऊल भरत जावे आणि त्याच वेळी मागचे रिकामे होत जावे, रहाटाचे एक पोहरे भरताना दुसरे उपसले जाते तसे. डोक्याची उंची बदलू नये. बदलते का ते पाहण्यासाठी सकाळच्या कोवळ्या उन्हात भिंतीवर पडणाऱ्या स्वतःच्या सावलीकडे पाहत भिंतीच्या कडेने चालावे. एका पावलाला तीन श्वास, आठ पावले जाणे आणि आठ परत येणे, एवढे सुरुवातीला पुरेसे आहे. हे जमू लागल्यावर चाळलेल्या मातीचा पट्टा अंगणात पसरून त्यावरून चालावे आणि वळून ठसे वाचावेत. ठशाची पुढची कड फरफटलेली असेल तर पाय रिकामा होण्याआधी उचलला गेला आहे. टाचेशी खोल खड्डा असेल तर भार पडला आहे, सोपवला गेलेला नाही. मी स्वतः अजूनही आठवड्यातून एकदा हा पट्टा पसरतो, आणि उजव्या पायाचे ठसे डाव्यापेक्षा किंचित उथळ निघतात. त्या जुन्या गुडघ्यावर शरीर आजही पुरता विश्वास टाकत नाही. अशा वेळी त्या बाजूची जांघ हाताने चाचपून पाहावी, झान-झ्वांगमध्ये पाच मिनिटे फक्त तिथेच लक्ष ठेवावे, आणि मग माती फडक्याने सारखी करून पुन्हा चालावे.